सूर्यभानच्या काट्या

रोज सकाळी बागेत आल्या आल्या सूर्यभान पुलाला लाथा घालायचा. आमच्या नगरपालिकेचा तो माळी, मूळचा सोनाळ्याकडचा. बागेच्या मधून नाला जातो, त्यावर तेव्हा पायी जाण्यापुरता लाकडी पूल होता. सूर्यभान अनवाणी टाचेने एकेक फळी ठोकायचा आणि मान तिरपी करून क्षणभर थांबायचा. "चांगलं लाकूड बोलते, बाबू. सडलं का मुकं होते," असं त्याने पहिल्याच भेटीत मला सांगितलं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी नवा कारकून होतो. माणूस जरा चक्रम दिसतो, असं मनात म्हणून मी पुढे गेलो.

पुढे फळ्या मुक्या होत गेल्या. दर सोमवारी सूर्यभान माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा.

"बाबू, फळ्या बदलून भागत नाही आता. खांबच खाल्ले वाळवीनं. पूलच नवा पाह्यजे."

"मंजुरीला गेलंय," मी म्हणायचो.

"काऊन उद्या-उद्या करून राह्यले? मानूस मेल्यावर भेटते का मंजुरी?"

हे तो चिडून नाही, खरोखर माहिती विचारावी तसं विचारायचा. कागद माझ्याच कपाटात पडून होता.

शेवटी त्याने पुलाच्या दोन्ही टोकांना बाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, आडव्या लावल्या. आमच्याकडे काटी आडवी दिसली की वाट बंद, हे कुणाला सांगावं लागत नाही. लोक मुकाट्याने मागच्या फाटकाने फिरून जाऊ लागले. महिन्याभराने मुंबईहून बडे पाहुणे बाग पाहायला येणार असं ठरलं आणि साहेबांना त्या काट्या खुपल्या. सार्वजनिक रस्ता अडवल्याबद्दल सूर्यभानला ताकीद आणि काट्या ताबडतोब काढण्याचा हुकूम निघाला. माझं अक्षर वळणदार, म्हणून तो मीच लिहिला.

सूर्यभानने काट्यांना हात लावला नाही. त्याला कुंड्या देऊन विश्रामगृहावर पिटाळलं आणि काट्या दुसऱ्यांनी काढल्या. दुपारी त्याची बायको कौसाबाई नेहमीप्रमाणे भाकरी घेऊन आली. काट्या नाहीत, म्हणजे पूल दुरुस्त झाला, असं समजून ती सरळ त्यावरून निघाली. मधली फळी मोडली. खाली दगड होते. संध्याकाळपर्यंतही ती टिकली नाही.

"तिची चूक नाही, बाबू," तेराव्यानंतर कामावर आला तेव्हा तो म्हणाला. "काट्या म्या लावल्या होत्या. मंग माह्याशिवाय कोन काढीन, असं वाटलं तिले."

मंजुरी आठवड्यात आली. सिमेंटचा नवा पूल झाला, फीत कापली, भाषणं झाली. हारांचा झेंडू सूर्यभानच्याच वाफ्यांतला. कोनशिलेवर सगळ्या साहेबलोकांची नावं आहेत, कौसाबाईचं नाही. त्या पुलावर सूर्यभानने कधी पाय ठेवला नाही. पावसाळ्यातही तो गुडघाभर पाण्यातून नाला ओलांडायचा. मला त्याची कीव यायची. स्वतःची लाज वाटायला फार वर्षं लागली.

त्याच्या निवृत्तीच्या दिवशी तो घडी झिजलेला एक कागद घेऊन आला. त्याला वाचता येत नव्हतं. "वाचून दाखवा," म्हणाला. काट्या काढण्याचा तोच हुकूम होता. मी अडखळत शेवटपर्यंत वाचला.

"अक्षर चांगलं हाय," तो म्हणाला. "तुमचंच ना?"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. फळीवर टाच मारून थांबायचा तसा तो मान तिरपी करून थोडा वेळ थांबला, आणि मग कागदाची घडी करून निघून गेला.