टेप चालूच राहिली

पार्से गावातल्या एका काकीचं सांगतो. तिनं सावरलं नसतं तर माझ्या एका चुकीनं तिचंच घर गेलं असतं.

गोवा अजून राज्य झालं नव्हतं. आमचे साहेब पेडण्यातल्या निवडणूक प्रचारावर माहितीपट करत होते. मी परभणीकडचा, सातवीत शाळा सोडलेला. कानाला हेडफोन लावून आवाज टेप करायचा, एवढंच मला येई. साहेबांचा नियम एकच: बघायचं, ऐकायचं, मध्ये पडायचं नाही. मला ते सोयीचंच होतं. तेव्हा राजभाषेचा वाद तापला होता; दोन शब्द बोललो की लोक विचारत, "मराठीवालो की कोंकणीवालो?"

काकी मुंडकार होती, म्हणजे घर तिचं पण खालची जमीन भाटकाराची, जमीनदाराची. त्या दुपारी उमेदवार तिच्याकडे आला, सोबत भाटकाराचा मुकादम. पायवाटेवरच, मी मागेच असताना, मुकादमानं तिला हळूच बजावलं, "घर कोणाच्या भाटात आसा, ता विसरा नको." ओसरीवर मुकादमानंच तिच्या पुढ्यात नारळ ठेवला. त्यावर हात ठेवला की मताचा शब्द दिला, देवासमोर दिल्यासारखा. काकीनं हात ठेवला. मंडळी पुढच्या घराकडे वळली, मागोमाग साहेब आणि कॅमेरावाला.

मी वायर गुंडाळत राहिलो. टेप बंद करायचं ध्यानातच आलं नाही.

काकी मला म्हणाली, "हात नारळार ठेवलंय. मत खंय घालूचा ता माझा मी बघतलंय."

मला हसू आलं. वळून बघतो तर मुकादम! पुढच्या घरी तोच नारळ लागणार, तो न्यायला परतला होता. त्याची नजर फिरणाऱ्या रिळांवर गेली.

"हा चालूच आसा मरे! काय म्हणाली ती? लाव बघूया."

"साहेबांना विचारतो..."

"सायब कित्याक? बटाण तुझ्या हातात मां?"

नाही म्हटलं तर संशय, लावलं तर काकी रस्त्यावर.

तेवढ्यात काकीच पुढं आली. "लाव रे झिला. पण पयल्यापासून लाव. वाटेर हेंनी माका काय सांगल्यानी, ता उमेदवारांकय ऐकांदे. सभेत मुंडकारांचो कैवार घेतत मां ते?"

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं. "वाटेवरचा पण आसा ह्याच्यात?"

वाटेवर टेप बंद होती. काकीला ते कळणं शक्य नव्हतं.

"आहे," मी म्हणालो. "सगळं आहे."

तो नारळ काखेत मारून निघून गेला.

"भियालस मां?" काकी म्हणाली. "बस. पाणी पी." मला दोष देणारा एक शब्द नाही. तिच्यासमोरच मी टेपवरचं तिचं बोलणं पुसलं. संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "उद्या लवकर निघायचंय." माझं काम टिकलं.

कायद्यानं मुंडकाराला घराखालची जमीन आपल्या नावावर करून घेता येते. ती काकीच्या नावावर झाली की नाही, मला ठाऊक नाही. झाली नसेल तर मी पार्सेला जाईन, तिच्यासोबत मामलेदार कचेरीत उभा राहीन, आणि मुकादम वाटेवर काय म्हणाला होता त्याची साक्ष देईन.