जज होईपर्यंतचा भास्कर

किस्से जमवायला कोणी जात नाही, ते आपले साचत जातात. लंडनला नदीजवळ आमचं चेंबर्स होतं, म्हणजे बॅरिस्टर लोकांचं सामायिक ऑफिस. हिवाळ्यात चारलाच अंधारून यायचं. खाली अंगणात गॅसचे दिवे लागायचे, नदीवरचं धुकं हळूहळू खिडकीपर्यंत यायचं आणि कामात कोणाचंच मन राहायचं नाही. मग चहा. आणि चहा आला की कोणीतरी म्हणणारच, "अगं, ते ऐकलंस का?" झालं! ऐंशीच्या दशकापासून साचलेले असे कितीतरी किस्से माझ्याकडे आहेत, आणि त्यातले निम्मे एकट्या भास्करचे.

भास्कर आणि मी एकाच खोलीत बसायचो. मी पुण्याची, लग्न करून लंडनमधल्याच ईलिंगला आलेली. तो ब्रिस्टलला वाढलेला. त्याचे बाबा तिथे विमानाच्या कारखान्यात फिटर होते. मी त्यांना काका म्हणायचे. काकांची एकच इच्छा होती: मुलाला जजच्या खुर्चीत बघायचं. ती त्यांनी कधी लपवली नाही. गल्लीतल्या पोस्टमनलासुद्धा माहीत होती!

*

इथे बॅरिस्टर व्हायचं तर नुसत्या परीक्षा देऊन भागत नाही. वकिलांच्या जुन्या संस्थेत जाऊन, गाऊन घालून, लांबलचक टेबलांवर ठरावीक जेवणं जेवावी लागतात. खरंच सांगते!

भास्करने घरी हे सांगितलं तेव्हा काकांना वाटलं पोरगं थापा मारतंय.

"जेवून वकील होतात? मग आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला बसणारे सगळे हायकोर्टात असते!"

पण पटल्यावर मात्र दर जेवणानंतर त्यांचा फोन यायचा. "ताटात काही टाकलं नाहीस ना? उगाच नापास करतील!"

*

आमच्यात विग जितका जुना आणि पिवळट, तितका वकील मुरलेला. पांढराशुभ्र विग म्हणजे कालचं पोर. भास्करच्या विगला छान मळकट रंग चढायला काही वर्षं गेली होती.

एकदा त्याची आई लंडनला राहायला आली. मुलगा कोर्टात असला घाणेरडा टोप घालून जातो हे बघून माऊलीचा जीव तळमळला. तिने तो रिठ्याने स्वच्छ धुतला आणि खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घातला!

दुसऱ्या दिवशी भास्कर तोच चमचमणारा विग घालून उभा राहिला. जज चष्म्यावरून बघत प्रेमाने म्हणाले, "टेक युअर टाइम, यंग मॅन. पहिला दिवस सगळ्यांनाच जड जातो."

दिवसभर जजनी त्याला इतकं सांभाळून घेतलं, की भास्कर हरायची केस जिंकला. आईने विचारलं, "उद्या पुन्हा धुऊ का रे?"

*

भास्करला तंद्री लागायची. भर कोर्टात! समोरचा वकील तावातावाने बोलतोय आणि हा वरच्या काचेतून ढग बघतोय.

एकदा जजनी विचारलं, "यावर आपलं काय म्हणणं आहे?" भास्कर ढगांतच. बऱ्याच वेळाने तो खाली आला, आजूबाजूला बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "काही नाही, युवर ऑनर."

संध्याकाळी तेच जज मला जिन्यात भेटले. म्हणाले, "तुमच्या मित्राइतका विचार करून बोलणारा माणूस मी बघितला नाही."

मी म्हटलं, "हो ना!" दुसरं काय म्हणणार?

*

त्या काळी जज नेमायची पद्धत मोठी गूढ. वरून कोणीतरी मोठमोठ्या जजांना गुपचूप विचारायचं, "हा माणूस कसा आहे?" आपल्याला काही कळायचं नाही. थेट स्थळाची चौकशी! भास्कर आधी वर्षातले थोडे दिवस पार्ट-टाइम जज म्हणून बसू लागला, पण कायमच्या नेमणुकीचं नाव नव्हतं. वर्षं चालली होती. इकडे काकांचं हृदय कुरकुरायला लागलं, आणि रविवारच्या फोनवर एकच प्रश्न. "आला का कोणी चौकशीला?"

एका दुपारी ब्रिस्टलच्या घराची बेल वाजली. दारात सूट घातलेला, हातात फाइल घेतलेला गोरा माणूस. काका समजले! त्याला आत बसवून चहा दिला, शंकरपाळे दिले, भास्करची शाळेतली बक्षिसं दाखवली. तो माणूस मध्येमध्ये खिडक्यांकडे बघायचा. काकांना वाटलं, घर कसं ठेवलंय तेही बघतात वाटतं.

तो डबल ग्लेझिंगवाला होता, म्हणजे दुहेरी काचांच्या खिडक्या विकणारा. काकांच्या घराला नव्या खिडक्या बसल्या. भास्करची नेमणूक होती तिथेच!

*

नव्वदचं दशक सरत आलं आणि एका धुकट दुपारी फोन वाजला. भास्करने रिसीव्हर ठेवला, खिडकीशी गेला आणि पाठमोराच म्हणाला, "झालं गं." मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं. आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं, कारण जज झालेला माणूस चेंबर्समध्ये परत येत नाही. पुढे कित्येक संध्याकाळी मी दोन कप मांडायचे आणि एक उचलून ठेवायचे.

*

कायमचा जज म्हणून भास्करचा पहिला दिवस. काका आठवड्यापूर्वीच हॉस्पिटलमधून घरी आले होते. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. काकांनी डॉक्टरांना साफ नाही म्हटलं! कारखान्याच्या निरोपसमारंभाचा सूट घालून, काठी टेकत, ते कोर्टातल्या प्रेक्षकांच्या गॅलरीत माझ्याशेजारी बसले होते.

"ऑल राइज!"

सगळे उठले. जांभळ्या गाऊनमध्ये भास्कर आला, वाकला, वकील वाकले. आता जज बसणार आणि मग सगळे बसणार. पण भास्कर बसेना! त्याची नजर गॅलरीत. त्यांच्या घरात बाबा उभे असताना मुलगा बसत नाही, कधीच नाही.

मी कुजबुजले, "काका, बसा ना. तुम्ही बसल्याशिवाय तो बसायचा नाही."

"जजच्या आधी? वेडी का काय तू! माझ्या बापाला कचेरीत आत पाऊल टाकायची सोय नव्हती. मी रीत मोडू?"

सगळं कोर्ट ताटकळत उभं. ज्यूरी उभी, पोलीस उभे, पिंजऱ्यातला आरोपी गोंधळून इकडेतिकडे बघतोय. अशरने, म्हणजे कोर्टाच्या पट्टेवाल्याने, घसा खाकरला.

शेवटी काकांनीच हात वर केला आणि भर कोर्टात मराठीत म्हणाले, "बस बाळा."

जज बसले. मग सगळं कोर्ट बसलं.

काका उभेच. अशर लगबगीने जवळ आला, "सर, यू मे सिट नाऊ." मी त्यांची बाही ओढली.

"राहू दे गं," काका म्हणाले. "उभ्याने चांगला दिसतोय."