एका मांडीवर एकच

विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या माणसाने आधी माझ्या मांडीवरच्या मोठीकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या माझ्या आईच्या मांडीवरच्या धाकटीकडे पाहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

"ताई, विमानात एका मांडीवर एकच बाळ चालतं," तो म्हणाला. "बाळं दोन असली तर मोठी माणसंही दोन लागतात."

मी त्याच्याशी भांडले. भांडण हा माझा हातखंडा विषय. दोघींना पोटात वागवलं तेव्हा कुणी दुसरं माणूस मागितलं नव्हतं, असंही मी त्याला ऐकवलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पण नियम काही बदलला नाही.

मुली तेव्हा पाच महिन्यांच्या होत्या. उस्मानपुऱ्यात, माझ्या माहेरी झालेल्या. माझा नवरा मस्कतला एसी दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि त्याला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे त्याने मुलींना फक्त फोटोत पाहिलं होतं. दोन मुली झाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग "तू बरी आहेस ना?" एवढंच विचारलं, आणि फोन तुटला. त्याचं ते गप्प बसणं माझ्या मनात घर करून राहिलं. भेटायला येणाऱ्या बायका "दोन्ही मुलीच का?" असं हळहळून विचारायच्या, तेव्हा तर मला जास्तच चेव यायचा. मुलगी झाली की बर्फी आणि मुलगा झाला की पेढे, अशी आपल्याकडची रीत. मी हट्टाने वडिलांना पेढे वाटायला लावले. पण गल्लीला पेढे खाऊ घालून मनातली शंका थोडीच जाते? मला एकच बघायचं होतं. हा माणूस आपल्या मुलींना पहिल्यांदा कसा उचलून घेतो, ते. त्यासाठीच मी समुद्र ओलांडायला निघाले होते.

आता दुसरी मांडी कुणाची, यावर घरात खल झाला. आजी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे आईला येता येत नव्हतं. वडिलांची नोकरी होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. उरले माझे सासरे. त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही. गंगापूरजवळच्या खेड्यात त्यांचा ऊस होता, आणि मुलाने हौसेने काढून दिलेला पासपोर्ट ट्रंकेत पडून होता. "उसाला पाणी कोण देईल?" म्हणत इतकी वर्षं ते मस्कतला जायचं टाळत आले होते. या वेळी मात्र कुणी विचारायच्या आतच म्हणाले, "मी येतो की. एक पोरगी माझ्या मांडीवर बसंल."

अडचण अशी की अण्णांना तान्हं बाळ घेता येत नव्हतं. अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढणारे ते हात, पण धाकटीला त्यांच्याकडे दिलं की ते दोन्ही हात ताठ पुढे करून उभे राहायचे, आरतीचं ताट धरावं तसे. आई हसून म्हणाली, "अहो, स्वतःची तीन लेकरं तुम्ही कधी घेतलीच नाहीत का?"

"नाय बाई," अण्णा म्हणाले. "वडील होते ना घरात."

आईने समजल्यासारखी मान हलवली. मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या वडिलांनी मला खांद्यावर बसवून सगळा क्रांती चौक हिंडवला होता. घरात वडील असण्याचा आणि लेकरू न घेण्याचा काय संबंध, हे मला कळलं नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही.

मग अण्णांची शिकवणी सुरू झाली. दर दोन-तीन दिवसांनी ते गंगापूरहून भरलेल्या जीपमध्ये अंग चोरून बसून यायचे, हातपाय धुऊन सतरंजीवर मांडी घालायचे, आणि आई धाकटीला त्यांच्या मांडीवर ठेवायची. मान कशी सावरायची, दूध प्यायल्यावर खांद्यावर टाकून पाठ कशी थोपटायची, सगळं त्यांनी मन लावून शिकून घेतलं. लंगोट बदलायच्या वेळी तेवढं आधी दार लावून घ्यायला सांगायचे. गावाकडचं कुणी पाहिलं तर काय म्हणेल, ही धास्ती. पण धाकटी त्यांना ओळखायला लागली. त्यांचा आवाज दारात आला की पाय झाडायची.

पासपोर्टच्या फोटोचा तर तमाशाच झाला. क्रांती चौकातल्या स्टुडिओवाल्याला मुलींचे डोळे उघडे हवे होते, तोंड मिटलेलं हवं होतं आणि गालावरची काजळाची तीट पुसलेली हवी होती. अण्णा तीट पुसू देईनात. "दृष्ट लागंल," म्हणाले. स्टुडिओवाला जुना, मुरलेला माणूस. तो म्हणाला, "चाचा, तळवे को लगाव ना. पाँव का फोटो कौन लेता?" अण्णांना ते पटलं. त्या दिवसापासून आमच्या मुलींची तीट तळपायावर गेली.

मुंबईला विमानात बसलो तेव्हा आणखी एक नियम निघाला. दोन बाळं एका ओळीत शेजारी शेजारी चालत नाहीत. त्यामुळे अण्णांना मधल्या वाटेच्या पलीकडे बसवलं गेलं आणि माझा हात तिथवर पोचेना. धोतर, टोपी, पोटाला पट्टा, आणि त्या पट्ट्याला जोडलेल्या छोट्या पट्ट्यात धाकटी. विमान उतरायला लागलं तसे दोघींचे कान दुखले असावेत, कारण दोघी एकदमच रडायला लागल्या. मोठीला मी पदराखाली घेतलं. धाकटी बाटलीला तोंड लावेना. आजूबाजूची माणसं माना वळवून बघू लागली. तेवढ्यात अण्णांनी जीभ टाळूला लावून टक्‌ टक्‌ असा आवाज काढायला सुरुवात केली, शेतात बैलाला चुचकारताना काढतात तसा. धाकटी रडायची थांबली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"चालती आता," अण्णा वाटेपलीकडून मला म्हणाले. "वळणावर जरा अडली होती." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. या माणसाला आपण बरोबर आणलं हे किती बरं केलं, असं मला त्या क्षणी वाटलं.

बाहेर कठड्यापलीकडे माझा नवरा उभा होता. वाळला होता. मी दोघींना नवे फ्रॉक घालून, केस बसवून तयार ठेवलं होतं. तो आला आणि आधी अण्णांच्या पाया पडला. उठला तेव्हा धाकटीचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. मी जीव मुठीत धरून उभी होते. त्याचे हात जरासे उचलल्यासारखे वाटले, आणि मग त्याने वळून सामानाची गाडी धरली. "प्रवास बरा झाला ना?" असं विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॅक्सीत तो पुढे बसला आणि मी घर येईपर्यंत एक शब्द बोलले नाही.

घर म्हणजे एक हॉल आणि एक स्वयंपाकघर. आत लावून घ्यायला दार होतं ते फक्त न्हाणीघराला. हॉलमध्ये त्याने दोन पाळणे आणून ठेवले होते, खुळखुळे दोन, दुपटी सगळी जोडीने. पण मुलींना हात लावेना. मोठी रडली तर मला हाक मारायचा, "अगं, ती रडतेय." मी स्वयंपाकघरात भांडी आदळायचे. मुली झाल्या म्हणूनच हे चाललंय, याबद्दल माझी आता खात्री पटत चालली होती.

चार दिवस झाले असतील. संध्याकाळी तो कामावरून आला आणि अण्णांनी टोपी चढवली. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाले. मस्कतच्या उन्हाळ्यात संध्याकाळीसुद्धा भट्टीपुढे उभं राहिल्यासारखं वाटतं. मी तसं म्हटलं, तर "शेतकऱ्याला कसला आलाय उकाडा?" म्हणून निघूनही गेले. मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी मुली सगळ्यात जास्त खेळायच्या. दिवसभर अण्णा त्या वेळेची वाट बघायचे, आणि नेमके त्याच वेळी बाहेर पडायचे. मला वाटलं, दिवसभराच्या रडण्याला कंटाळत असतील.

एकदा पोळ्या लाटता लाटता मी सहज हॉलमध्ये डोकावले. नवरा मोठीला छातीशी धरून, तिच्या मानेत नाक खुपसून, डोळे मिटून उभा होता. पाळण्यातून धाकटी हातपाय नाचवत होती. तिला म्हणत होता, "थांब गं माय, तुझा पण नंबर हाय." मी लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिले. इतके महिने उरावर ठेवलेला धोंडा उतरला. फार फार आनंद झाला मला. एवढ्यात दारावरची बेल वाजली, आणि त्याने मोठीला इतक्या झटक्यात पाळण्यात ठेवलं की तिने भोकाड पसरलं. अण्णा आत आले तेव्हा हा पेपर वाचत होता. पेपर उलटा नव्हता एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा अंघोळीला गेल्यावर मी त्याला गाठलं. "हे काय चाललंय?"

"अण्णांसमोर नाय जमत," तो म्हणाला. "आमच्या घरात बापासमोर आपलं लेकरू कुणी घेत नाय. लाज वाटती. लहानपणापासून तेच बघितलंय, हातच उचलत नाय."

"आणि फोनवर गप्प बसलात ते?"

"रडत होतो," तो म्हणाला. "फोनच्या बूथवर मागं रांगेत माणसं उभी होती. आवाज फुटंना."

माझा राग निम्मा गेला, निम्मा राहिला. आपल्याच मुलींना चोरून घेणारा बाप मी पहिल्यांदाच पाहतेय, असं मी त्याला सुनावलं. मला लपूनछपून केलेली माया नको होती. त्या हळहळणाऱ्या बायका अजून माझ्या डोळ्यांपुढे होत्या. या माणसाने माझ्या मुलींना उघडपणे, चारचौघांत, बापासमोर उचलून घ्यायला हवं होतं. त्याने मान खाली घातली. पण त्या संध्याकाळीही तेच झालं. अण्णा गेले की मुली त्याच्या अंगाखांद्यावर, आणि बेल वाजली की पाळण्यात.

होता होता अण्णांचा परतायचा दिवस जवळ आला. एका संध्याकाळी मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरले, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अण्णा बसलेले. टोपी गुडघ्यावर, सदरा घामाने पाठीला चिकटलेला.

"अण्णा, तुम्ही फिरायला गेला होतात ना?"

"कुठं फिरू माय? इथंच बसतो."

"रोज?"

"मग. त्येला पोरी घेऊ दे की जरा. मी असलो की त्येचा हात उचलत नाय." मग आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "घेतो ना? दोघींला घेतो?"

"घेतात."

"मान धरतो का नीट?"

"तुमच्यापेक्षा बरी धरतात," मी म्हटलं. ते हसले. हसता हसता त्यांची नजर मात्र वर, आमच्या मजल्याकडे गेली. त्या उकाड्यात ते बसून होते आणि नाती वर खेळत होत्या. मला त्यांची फार माया आली. पिशवी हातात तशीच घेऊन मी जिना चढले.

नवरा मोठीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होता. मी म्हटलं, "अण्णा फिरायला जात नाहीत. खाली पायरीवर बसतात. रोज. तुम्हाला मुली घेता याव्यात म्हणून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता मोठीला पाळण्यात ठेवेल आणि अण्णांना बोलवायला पळेल. त्याने मोठीला एका हातावर घेतलं, वाकून दुसऱ्या हातावर धाकटीला उचललं, आणि चपला न घालताच जिना उतरायला लागला. मी मागोमाग निघाले.

पावलांच्या आवाजाने अण्णांनी मान वळवली. तो दोन पायऱ्या वर थांबला. आता मागे फिरतो की काय, अशी मला धास्ती वाटली. पण अण्णा भिंतीकडे सरकले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झाडली. तो खाली येऊन त्यांच्या शेजारी बसला. धाकटीने अण्णांना पाहून पाय झाडले, तरी त्यांनी तिला घेतलं नाही. ते आपल्या मुलाकडे बघत होते.

"तू झालास तवा मला लई वाटायचं, तुला असं घ्यावं," अण्णा म्हणाले. "वडील ओसरीवर बसलेले असायचे. मी दारातून बघायचो आन्‌ शेतात जायचो. वडील गेले तवा तू शाळंत जात होतास. मग घ्यायला तू मोठा झालतास."

नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दोन्ही हातांत मुली असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. मी पुढे होणार, तेवढ्यात अण्णांनी खिशातून दस्ती काढली, त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड पुसलं. डोळे, नाक, गाल, सगळं.