गाडी तेल खाते हे सिद्ध करताना

काही घरांत भुताचे किस्से साचतात, काही घरांत लग्नातल्या मानापमानाचे. आमच्या घरात इंजिन ऑइलचे साचलेत. कुणी ठरवून जमवले नाहीत. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा पुन्हा टाकावा लागतो. आता काळजी मिटलीय म्हणून मीही हसत सांगते. तेव्हा हसत नव्हते, हे आधीच सांगितलेलं बरं.

आम्ही भूमला राहतो. मी येरमाळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गाडीनंच जाते, कारण ओवी, माझी दोन वर्षांची लेक, सोबत असते. शाळेजवळच्या एका मावशींकडं ती दिवसभर राहते. मधे रस्त्याचा एक लांब पट्टा असा आहे, की तिथं मोबाइलला रेंज नाही आणि उन्हाला आडोसा नाही. तिथंच एका सकाळी स्टिअरिंगसमोर तेलाचा लाल दिवा लागला. झारीसारखं चित्र. विज्ञानाच्या बाईंनी काय करावं? मी आधी एसी बंद केला. मग गाणी बंद केली. मग ओवीला म्हटलं, "गप्प बस जरा." ती झोपलेली होती.

गाडी बंद करायचं सुचलं ते सगळ्यात शेवटी.

मागून आमच्याच शाळेचे सर मोटरसायकलवर आले. त्यांनी येरमाळ्याला जाऊन हायवेवरच्या दुकानातून तेलाचा डबा आणून दिला, आणि सोबत दुकानदाराचा निरोप: "नवी गाडी एवढं पिती म्हंजी बाईंना म्हणावं, तिची संगत बघा."

* * *

धाराशिवच्या सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "थोडं तेल खातेच मॅडम गाडी. नॉर्मल आहे." ओवीचे डॉक्टरही मला कायम हेच म्हणतात, त्यामुळं मला लगेच पटलं. चूक माझीच असणार, असं मला तसंही लवकर पटतं.

मग त्यांनी विचारलं, गाडी कोण चालवतं? मी म्हटलं, मी. त्यांनी "अच्छा" म्हणून मान हलवली, एखादं निदान सापडावं तशी. आणि पुढचे सगळे प्रश्न त्यांनी माझ्या नवऱ्याला, अजितला विचारले. गाडी रेस होते का? क्लचवर पाय राहतो का? अजितला गाडी चालवताच येत नाही. तो प्रत्येक प्रश्नाला वळून माझ्याकडं बघायचा, मी उत्तर द्यायचे, ते तो सल्लागारांना सांगायचा. सल्लागारांना ती उत्तरं एकदम योग्य वाटली.

वॉरंटी दिवाळीपर्यंत होती. त्याआधी त्यांनी दोष मान्य केला तर इंजिन तेच दुरुस्त करणार. नाही केला तर खर्च आमचा, आणि तो आम्हाला झेपणारा नव्हता. मग गाडी दारात उभी राहणार, आणि माझी नोकरीही तिच्या शेजारी. आणि झेपलं नाही म्हणून तशीच चालवली, तर ओवीला घेऊन पुन्हा त्या पट्ट्यात उभं राहायचं. ते मला जन्मात नको होतं.

* * *

तेल जातं कुठं, याचा शोध अजितनं घरीच सुरू केला. रोज गाडीखाली पुठ्ठा अंथरायचा आणि सकाळी पोट टेकवून बघायचा. पुठ्ठा कोरा. त्याला फार वाईट वाटायचं.

गळत नाही म्हणजे जळतं. जळत असेल तर धूर निळसर येतो, असं त्यानं कुठंतरी वाचलं. मग मी आत बसून गाडी रेस करणार, तो बॉनेटला कान लावणार आणि सासूबाई, म्हणजे आत्या, मागं उभ्या राहून रंग सांगणार, असं ठरलं. आत्या नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. मी दोनदा रेस केली. ओरडून विचारलं, "निळा आहे का?"

आत्या बराच वेळ खोकल्या. मग म्हणाल्या, "तीस वर्षं चुलीम्होरं बसले. धूर कंच्या रंगाचा म्हणून एकानं इचारलं न्हाय. आज इचारतेत, तर दिसंना झालंय."

* * *

मी पुन्हा पुन्हा फोन केले, तेव्हा सल्लागार टेस्टला तयार झाले. तेल वरच्या खुणेपर्यंत भरून देतो, हजार किलोमीटर चालवा, मधे एक थेंब टाकायचा नाही, मग आणा. बघू किती कमी होतंय.

चालवली. परत नेली. त्यांनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढली, पुसली, परत घातली, बाहेर काढली. तेल वरच्या खुणेला! "बघा मॅडम," ते फार मायेनं म्हणाले, "काही नाही झालेलं. तुम्ही टेन्शन घेताय."

तो लाल दिवा मला खरंच दिसला होता का, इथपर्यंत मी परत येताना पोचले होते. बाळंतपणानंतर असं होतं म्हणे.

घरी सासऱ्यांना, मामांना, सांगितलं की तेल जागच्या जागी आहे. त्यांचा चेहरा उजळला. "मंग? झालं न्हवं काम?"

"कसलं काम, मामा?"

"सकाळी म्याच भरलं की. टॅक्टरचं ठिवलेलं हुतं डब्यात." मामांनी उभा जन्म बैलं बाजारला नेली आणि आणली. "जनावर चारचौघांत न्यायचं तर पोटभर चारून न्यावं लागतंय, पोरी. उपाशी नेलं तर लोक मालकाला नावं ठेवतेत."

मला हसावं की रडावं कळेना. पण एक सांगते, त्या रात्री मी कित्येक आठवड्यांनी गाढ झोपले. मला वेड लागलेलं नव्हतं.

* * *

मामांनी तेल भरल्याचं सल्लागारांना सांगताना अजितची मान खाली होती. ते म्हणाले, आता तेलाच्या झाकणाला सील लावतो. लावलं. पण दिवाळी जवळ आली होती आणि हजार किलोमीटर पुन्हा व्हायचे होते. नुसत्या शाळेच्या फेऱ्यांनी काही जमणारं नव्हतं.

आत्यांनी गल्लीत सांगितलं, गाडी पळवायची हाय, कुणाला कुठं जायचं असंल तर बोला. झालं. बारशी, साखरपुडे, माहेरी गेलेल्या सुना, सगळे आमच्या गाडीत. शेजारच्या काकूंना सोनारीला काळभैरवाला जायचं होतं. तिथं पोचल्यावर मी सवयीनं बॉनेट उघडलं आणि डिपस्टिक पुसायला ओवीचा जुना लंगोट काढला. मागच्या मागं माकडानं तो ओढून नेला आणि देवळाच्या भिंतीवर बसून हुंगला. तोंड असं केलं, की काकू म्हणाल्या, "तुझ्या गाडीचं तेल खराब हाय बघ. जनावराला कळतंय."

हे मी सल्लागारांना सांगितलं नाही. तसंही पुराव्यात धरलं नसतं.

* * *

येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीला मी रोजच येताजाता हात जोडते, पण त्या दिवसांत काय मागावं कळायचं नाही. तेल कमी व्हावं, असं मागायचं, आणि ओवी मागं बसलेली. मग मी मागायचे, कमी होऊ दे, पण वाटेत नको.

आत्या एकदा माझ्याबरोबर आल्या. डोळे मिटून खूप वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, मागितलं का? तर म्हणाल्या, "आईला आजवर भरभराट मागितली. आता 'कमी कर' म्हणाया जीभ उचलंना. म्हनलं, तुझं तू बघ."

* * *

ओवीचंही सांगायला हवं. ती वाटीतल्या वरणात चमचा घालायची, बाहेर काढायची, फ्रॉकला पुसायची, परत घालायची, आणि चमचा डोळ्यांसमोर उभा धरून गंभीरपणे म्हणायची, "कमी." मग मी अजून वरण वाढायचे. माझ्या इतक्या आर्जवांनी जे जमलं नव्हतं ते असं झालं. पोरगी पोटभर जेवायला लागली.

* * *

शेवटच्या तपासणीला घरातले सगळे आले. यायची गरज नव्हती, पण कुणाला घरी बसवेना. सल्लागारांनी सील बघितलं. शाबूत. डिपस्टिक ओढली, पुसली, घातली, काढली. पुन्हा पुसली, पुन्हा घातली. मग मोठ्या साहेबांना बोलावलं. त्यांनीही पुसली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं, पार टोकाला लागलेलं.

"मॅडम," सल्लागार म्हणाले, आणि या वेळी माझ्याकडं बघून म्हणाले, "इंजिन तेल खातंय. लईच खातंय."

मोठे साहेब म्हणाले, इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा बदलू, सगळं वॉरंटीत. मला एकदम रडू आलं. मामांनी कुणाचं तरी लग्न ठरल्यासारखा अजितच्या पाठीवर हात ठेवला. आत्या दिसेनात, म्हणून बघितलं तर समोरच्या दुकानातून पेढ्याचा बॉक्स घेऊन येत होत्या. मेकॅनिकांना दिले, साहेबांना दिले, मग बाहेर थांबलेल्या लोकांना वाटत सुटल्या.

तिथं एक पाहुणे नवी गाडी घ्यायला आले होते. पांढरी टोपी, हातात झेंडूचा हार. गाडी आमच्यासारखीच, रंगही तोच. पेढा घेत त्यांनी कौतुकानं विचारलं, "तुमचीबी नवी का?"

"न्हाय वो," आत्या म्हणाल्या, "जुनीच हाय. तेल संपलं तिच्यातलं."

पाहुण्यांनी पेढा आधी कपाळाला लावला.

"देवीची कृपा," ते म्हणाले. "आमचंबी लौकर संपू द्या."