रिकाम्या खुर्चीची हजेरी

मी ग्रंथपाल आहे. भुताखेतांची पुस्तकं मी आजवर कथा-विभागातच लावत आले, आणि ती तिथेच असावीत असं माझं मत होतं. आमच्या गावात कुणाला काही दिसलं, कुणाच्या अंगात आलं, की मी तिथून उठून जायचे. नास्तिक म्हणा, शिष्ट म्हणा... तेव्हा पुढचं लिहिताना मला फार संकोच वाटतो आहे. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून, जसं घडलं तसं, सावकाश लिहिते.

भिवंडीहून पडघ्याकडे जाताना हायवेच्या आत एक मुलींचं वसतिगृह आणि त्याला लागून शाळा आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथे मी बावीस वर्षं ग्रंथपाल. दोन वर्षांपूर्वी संस्थेला सरकारचं सुरक्षा अनुदान मिळालं. त्यातून कॅमेरे, कुंपणावर तार, फाटकाशी एक केबिन, केबिनमध्ये धोक्याचं बटण, आणि एक सुरक्षारक्षक. हे अनुदान कुठे आणि कसं खर्च झालं, ते सगळं एका पोर्टलवर भरायचं असतं. प्रत्येक वस्तूचा जागेवरून काढलेला फोटो, त्यावर ठिकाणाची नोंद, आणि खाली एक प्रमाणपत्र. कॉम्प्युटर ग्रंथालयात होता, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. प्रमाणपत्राखालीही माझंच नाव.

रक्षक म्हणून मी माझ्या धाकट्या भावाला, नंदूला, लावून घेतलं. आम्ही मूळचे भिवंडीजवळच्या पूर्णा गावचे. आमच्या शेताच्या जागी आता गोदाम आहे. नंदू वीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होता. कारखान्याने लूम भंगारात विकले तेव्हा घरी बसला. लग्न केलं नव्हतं. आई, तो आणि मी, एवढंच घर.

रक्षकाची हजेरीही पोर्टलवरच. केबिनच्या भिंतीवर एक टॅब बसवला होता. त्याच्यासमोर चेहरा धरायचा, टॅब म्हणणार ‘पापणी हलवा’, ती हलवली की चेहरा जुळतो. कुणी नुसता फोटो दाखवून हजेरी लावू नये म्हणून ही सोय. सकाळी आठला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा. हजेरी लागली की माझ्या फोनवर मेसेज यायचा.

नंदूला या प्रकाराची फार गंमत वाटायची. “ताय, ह्याला डोला मारला का पगार सुरू. आमच्या मुकादमाला मारला असता तं लाथ बसली असती!”

आता बटणाबद्दल. ते दाबलं की ग्रंथालयात आणि अधीक्षिकांच्या खोलीत घंटा वाजणार आणि माझ्या फोनवर सूचना येणार, असं कागदावर होतं. अहवालाची मुदत संपायला दोन दिवस होते आणि वायर ओढलेली नव्हती. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “मॅडम, आप फोटो निकाल लो. वायर दिवाली के बाद खींच देंगे.” आमच्याकडे असंच चालतं. आधी फोटो, मग काम. कुंपणाच्या तारेचंही तसंच झालं होतं आणि ती नंतर खरोखर लागली होती, त्यामुळे मला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. कार्यवाह — त्यांना आम्ही अण्णा म्हणतो — म्हणाले, “भिंतीला चिकटवा आणि टाका फोटो. कोण बघायला येतंय?”

मी बटण चिकटवून घेतलं, फोटो टाकला. पोर्टलने विचारलं, ‘बटणाची चाचणी घेतली आहे का?’ मी ‘होय’ निवडलं.

त्या संध्याकाळी नंदूने विचारलं, “ताय, ह्या दाबला का तू येशील ना?”

त्याला खरं सांगायला हवं होतं. पण पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, उगाच कशाला घाबरवा, असं वाटलं. मी म्हटलं, “येईन की.”

दिवाळीची सुट्टी लागली. मुली घरी गेल्या, अधीक्षिका गेल्या. मी पुस्तकांच्या पडताळणीसाठी येत होते. फोन नेहमीप्रमाणे आवाज बंद करून पिशवीत. ग्रंथालयात मी तो कायम तसाच ठेवते. पंखा चालू होता. केबिन माझ्या खिडकीपासून फार तर साठ पावलांवर. साडेचारला मी चहा घेऊन केबिनकडे गेले, तर नंदू खुर्चीखाली पडलेला होता. एक हात वर, भिंतीला टेकलेला. बटण आत दाबलं जाऊन तसंच अडकून बसलं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. म्हणाले, “एकदम गेलेले नाहीत हे. बराच वेळ त्रास झाला असणार. तासाभरापूर्वी आणलं असतं तर...”

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अस्थी आणायला निघालो होतो. आठ वाजून दोन मिनिटांनी माझा फोन वाजला. ‘नंदकुमार यांची हजेरी नोंदवली गेली.’

मला वाटलं, जुना मेसेज अडकला असेल. संध्याकाळी सहाला दुसरा आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठला.

पाचव्या दिवशी मी शाळेत जाऊन पोर्टल उघडलं. प्रत्येक हजेरीबरोबर टॅबने काढलेला फोटो असतो. फोटोत केबिनची रिकामी खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीच्या वर, जिथे बसलेल्या माणसाचा चेहरा येईल तिथे, हिरवा चौकोन. त्या चौकोनात मागची भिंत, बाकी काही नाही. आणि खाली लिहिलेलं — ‘चेहरा जुळला. व्यक्ती जिवंत असल्याची खात्री झाली.’

मी ते वाक्य किती वेळ वाचत होते, सांगता येणार नाही.

पोर्टलच्या मदत-क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी चांगली बोलत होती. “मॅडम, आमच्याकडे ते प्रेझेंट दिसतायत.”

“अहो, ते वारले.”

“हो मॅडम, पण प्रेझेंट आहेत.”

मग मी टॅब भिंतीवरून काढला, बंद केला आणि ग्रंथालयाच्या कपाटात कुलूप लावून ठेवला. किल्ली माझ्या कमरेला. दुसऱ्या दिवशी आठ वाजून एक मिनिटाने हजेरी लागली. फोटो केबिनचाच. ठिकाणाची नोंद केबिनचीच. भिंतीवर टॅब काढल्यावर राहिलेले चार स्क्रू मी जाऊन पाहिले... तिथून फोटो काढायला काहीही नव्हतं.

अण्णांना दाखवलं. ते घाबरतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून आठवडाभराच्या हजेऱ्या पाहिल्या आणि हसले.

“बाई, जिवंत होता तेव्हा आठवड्यातून दोनदा लेट यायचा. आता बघा, एक मिनिट इकडेतिकडे नाही!”

“अण्णा, हे थांबवायला हवं.”

“कशाला? पद रिकामं दिसलं की पुढचा हप्ता अडकतो. लागतेय ना हजेरी, लागू दे. तो काही चहा मागत नाही.” शेजारी बसलेला शिपाई मान खाली घालून हसला.

नवा रक्षक नेमला नाही. सुट्टी संपली, मुली परत आल्या. फाटकावर रिकामी खुर्ची, आणि पोर्टलवर रक्षक हजर.

मी अण्णांना दोष देते आहे, पण घरी वेगळंच चाललं होतं. नंदू गेल्यापासून आईने अन्न सोडल्यासारखं केलं होतं. एके दिवशी आठच्या मेसेजचा आवाज झाला तेव्हा ती माझ्याजवळच बसली होती. तिने विचारलं आणि मी, का कोण जाणे, खरं ते सांगितलं. ती जराही दचकली नाही. म्हणाली, “आला गो कामाव.” आणि भाकरीचा तुकडा मोडला. त्या दिवसापासून ती आठ वाजेपर्यंत ताट पुढ्यात घेऊन बसायची. आवाज झाला की जेवायची. मला तो आवाज सहन होत नव्हता, आणि तो आला नाही तर काय, ही भीतीही होती.

असे सात आठवडे गेले. मग पत्र आलं : तपासणी पथक येणार, रक्षकाला प्रत्यक्ष भेटणार. आता अण्णांचं हसू गेलं. त्यांनी मला बोलावलं. “मेलेल्या माणसाची हजेरी तुमच्या लॉगिनवर लागतेय, बाई. माझ्या नाही. आजच्या आज त्याला पोर्टलवरून काढा.”

मी दुपारी ग्रंथालयात दार लावून बसले. ‘सेवा समाप्ती’ उघडलं. कारणांची यादी आली. मी ‘मृत्यू’ निवडलं, तारीख भरली. तारीख भरताच खाली एक तक्ता उघडला : ‘त्या दिवशी धोक्याचं बटण दाबल्याच्या नोंदी.’

बटणाला वायर नव्हती. ते नुसतं भिंतीला चिकटवलेलं होतं, मीच चिकटवून घेतलं होतं. तरी तक्ता भरलेला होता. दोन वाजून सात मिनिटं. दोन आठ. दोन आठ. दोन अकरा. मग थोडं अंतर. दोन एकोणीस... शेवटची नोंद दोन एकोणपन्नासची. एकूण सतरा. प्रत्येक नोंदीपुढे ‘सूचना पाठवली’ आणि त्यापुढे माझं नाव. शेवटच्या रकान्यात सतरा वेळा ‘प्रतिसाद नाही’.

माझ्या फोनवर त्या दिवशी एकही सूचना आलेली नाही. मी शंभरदा तपासलं आहे.

तक्त्याखाली प्रश्न होता : ‘वेळेत मदत न पोहोचण्याचं कारण लिहा.’ रिकामी चौकट, लिहायला भरपूर जागा.

खरं लिहायचं तर चार वाक्यांचं काम होतं. मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, “वेडबिड लागलंय का? प्रमाणपत्रावर सही कुणाची? केस तुमच्यावर होईल. नोकरी गेली की म्हातारीला कोण बघणार, तो येणार आहे का बघायला?” मग जरा मऊ आवाजात, “राजीनामा दाखवा. दिवाळीच्या आधीच्या तारखेचा. म्हणजे मेला तेव्हा तो आपला कुणी नव्हता. भाऊ म्हणून तुम्हाला भेटायला आला होता, बस्स.”

मी मागे गेले आणि दिवाळीआधीची तारीख घालून ‘राजीनामा’ निवडलं. होय, निवडलं.

पोर्टल म्हणालं : ‘रक्षकाने स्वेच्छेने राजीनामा दिल्याची चेहऱ्याने खात्री करा.’

कपाटातून टॅब काढला आणि केबिनकडे गेले. भर दुपार, शाळा चालू, कुठल्या तरी वर्गातून पाढे ऐकू येत होते. मी टॅब रिकाम्या खुर्चीसमोर धरला. हिरवा चौकोन लगेच आला. ‘पापणी हलवा.’ काही झालं नाही. ‘वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा.’ पुन्हा धरला. चौकोन तिथेच, स्थिर, पण पुन्हा वेळ संपली. सात आठवडे जो न चुकता हजर होता तो आता पापणी हलवत नव्हता. खाली बारीक अक्षरांत लिहून आलं, ‘शेवटचा प्रयत्न’.

मी खुर्चीला म्हटलं, “नंदू, हलव रे. माझी नोकरी जाईल.”

‘खात्री झाली. राजीनामा स्वीकारला.’

हिरवा चौकोन गेला. मी ग्रंथालयात येऊन पोर्टल पाहिलं. सात आठवड्यांच्या हजेऱ्या नाहीत, फोटो नाहीत, बटणाच्या सतरा नोंदी नाहीत. त्या जागी एक ओळ : ‘या कालावधीत रक्षक नियुक्त नव्हता.’ तपासणी पथक आलं, चहा पिऊन गेलं. आमचा अहवाल मंजूर झाला. बटणाला आता वायर आहे. मी स्वतः दाबून पाहिलं, घंटा वाजते.

पुष्कळांना विचारलं. एका इंजिनीअर मुलाने सांगितलं की सर्व्हरवर जुना डेटा फिरत राहतो, कॅमेरा सावलीलाही चेहरा समजतो. असेल. मला ते पटलं असतं तर फार बरं झालं असतं. पण कपाटातल्या बंद टॅबने फोटो कसे काढले, वायर नसलेल्या बटणाने वेळा कशा मोजल्या, आणि त्या चौकोनाने मी तोंडाने मागेपर्यंत का वाट पाहिली, हे त्यालाही सांगता आलं नाही आणि मलाही येत नाही.

राजीनाम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई ताट घेऊन बसली होती. आठ वाजले. सव्वाआठ झाले. भाकरी वातड झाली.

“आज आला न्हाय?”

“त्याने काम सोडलं, आई.”

तिने विचारलं, “कोनच्या सांगन्यावरना?”

“माझ्या,” मी म्हटलं.

“मंग बरा केलास,” आई म्हणाली. “थकला व्हता पोर.” आणि तिने ताट तसंच माझ्याकडे सरकवलं, मी जेवावं म्हणून.