दगडाच्या कांड्या
२०१४ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि माझं गाव पाम सोडून कर्नाटकात, एका जुन्या सोन्याच्या खाणीशेजारी ड्रिलिंगच्या मशीनवर होतो. परवा बेटेगावात बोअर मारताना ओल्या दगडाचा तोच वास आला. त्या खाणीशेजारी जमिनीतून दगडाच्या गोल कांड्या निघायच्या, आणि ज्या खोलीवरून आल्या त्याच क्रमानं लाकडी पेटीत मांडायच्या. एका दुपारी भरलेली पेटी माझ्या हातून निसटली, कांड्या लाल मातीत विखुरल्या. मशीनवरचा माझा जोडीदार, पामचाच, म्हणाला, "दादा, सायबाला सांग." मी म्हणालो, "कांड्या मी काढल्यात. त्यांची जागा मला नाय कळणार तर काय तुला?" आणि अंदाजानंच परत लावल्या. संध्याकाळी कांड्या तपासणारे साहेब आले. पांढऱ्या गारगोटीची चमकती कांडी बघून पेटीजवळ खालीच बसले; सोनं असलं तर अशाच गारगोटीत असतं. आता एकच भोक पाडायची परवानगी उरली होती. त्यात काही लागलं नाही तर कॅम्प बंद, आणि ही कांडी किती खोलीवरची यावरच त्या भोकाची जागा ठरणार होती. "काका, क्रम नक्की बरोबर आहे ना?" साहेबांनी विचारलं. "तीस वर्षं हेच करतोय, सायेब," मी म्हणालो. त्यांनी पेटीवरून माप काढलं आणि चुन्यानं खूण केली. आज त्याचं वाईट वाटायला पाहिजे, पण वाटत नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा प्यायलो, चुन्याच्या खुणेवर मशीन उभं केलं आणि भोक पाडायला घेतलं.