डोहावर म्हणायचं नाही

तापीवर पूल नव्हता तेव्हा मी रोज प्रकाशा गावच्या नावेने शाळेत शिकवायला जायचो. नाव एका विधवेची होती. कपाळ मोकळं, काष्टा घट्ट, काखेत बांबू. तिचा नवरा वाटेतल्या डोहात बुडाला होता. कुणी 'मालकीण' म्हटलं की ती काठावर बांबू आपटायची.

"मालकीन म्हंजे मालकनी बायको. नाव मन्ही शे, मालक म्हना!"

एकदा भर डोहात मी म्हणालो, "मालक, जरा सावकाश."

तिने ओला हात चटकन माझ्या तोंडावर ठेवला. "आठे, डोहवर नको, मास्तर. आठे ते ओ देतस."

मला हसू येणार, तोच नावेच्या तळाला खालून कुणीतरी दोनदा ठोकलं.

ती दचकली नाही. कडेवरून वाकून पाण्याला हळूच म्हणाली, "तुमले कोनी बलावं नही. निजा."